क्षय की क्रोन्स : नव्वद वर्षांचा पेच

न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर यांनी १९३२ मध्ये लहान आतड्याच्या शेवटच्या भागातल्या एका दाहाचे, म्हणजे आजच्या क्रोन्स आजाराचे, वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा हा क्षय नव्हे हे त्यांना मुद्दाम सांगावे लागले. आपल्याकडे तो पेच अजून सुटलेला नाही. ताप, पोटात उजवीकडे खाली कळ, जुलाब, घटत जाणारे वजन ही लक्षणे दोन्ही आजारांत सारखीच. कोलोनोस्कोपीत क्षयाचे व्रण बहुधा आडवे दिसतात, क्रोन्सचे लांबट उभे; भगंदर असेल तर संशय क्रोन्सकडे झुकतो. पण तुकडा काढून तपासला तरी क्षयाचे जंतू पुष्कळदा सापडत नाहीत. म्हणून डॉक्टर आधी टीबीच्या गोळ्या देत आले. माझ्या मते ते योग्यच होते; चुकले ते गोळ्यांचा परिणाम कधी तपासायचा हे न ठरवण्यात.

क्रोन्स समजून क्षयाच्या रुग्णाला चुकून स्टेरॉइड दिले तर जिवावर बेतते, ही भीती खरीच आहे. अमेरिकेत १९९८ मध्ये क्रोन्ससाठी मान्य झालेल्या इन्फ्लिक्सिमॅबनेही दबलेला क्षय उफाळू शकतो. पण उलट बाजूही तितकीच गंभीर आहे. टीबीच्या गोळ्यांनी क्रोन्सच्या काही रुग्णांनाही बरे वाटते, आत मात्र व्रण तसेच राहतात. असा वेळ गेल्याने आतडे आकसण्याचे प्रमाण वाढते, हे दिल्लीच्या एम्समधील अभ्यासात दिसले आहे. आकसलेले आतडे काढून न टाकता रुंद करण्याची शस्त्रक्रिया चंडीगडच्या कटारिया यांनी १९७७ मध्ये क्षयाच्या रुग्णांसाठी मांडली. पुढे ऑक्सफर्डच्या ली यांनी ती क्रोन्ससाठी वापरली. आपल्या क्षयाने जगाला दिलेला हा उपाय अभिमानाचा, पण तिथवर वेळ येऊच नये.

गोळ्यांचा परिणाम पाहण्यासाठी दुर्बिणीने करायच्या दुसऱ्या तपासणीचा खर्च पालघर जिल्ह्यातल्या मसोली-तलासरीच्या मजुराला झेपणार नाही, असे कोणी म्हणेल. २०१३ पासून मुंबईची लोकल जवळच्या डहाणू रोडपर्यंत येते, तरी बुडालेली मजुरी भरून निघत नाही, हे मान्य. मात्र आतडे बंद पडून तातडीने करावी लागणारी शस्त्रक्रिया त्याहून कितीतरी महाग पडते. क्रोन्सवरही चालणाऱ्या अडॅलिमुमॅब या औषधाची भारतीय आवृत्ती २०१४ मध्ये मूळ औषधाहून बऱ्याच कमी किमतीत आली, पण निदानच लांबले तर तिचा उपयोग काय? घरात कोणाला आतड्याच्या क्षयाच्या गोळ्या चालू असतील, तर त्या मनाने थांबवू नका. दोन-तीन महिन्यांनी व्रण भरले का, हे दुर्बिणीने पाहायला डॉक्टरांना सांगा. भरले नसतील, तर गोळ्यांना न जुमानणारा क्षय आहे की क्रोन्स, याचा शोध तेव्हाच सुरू व्हायला हवा.