रस्ता मोकळा करणारा वीर : मेजर रामा राघोबा राणे

शूर सैनिक म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं बंदूक रोखलेला माणूस यायचा. पण गुरुजींनी आम्हाला एका वेगळ्याच वीराची माहिती सांगितली. ती सर्वांना कळावी म्हणून इथे लिहीत आहे.

रामा राघोबा राणे यांचा जन्म २६ जून १९१८ रोजी झाला. त्यांचं घराणं कारवारजवळच्या चेंडिया गावचं. वडील पोलीस शिपाई. त्यांच्या सारख्या बदल्या व्हायच्या, म्हणून रामाचं शिक्षण निरनिराळ्या गावच्या शाळांत झालं. १९४० साली ते साधे जवान म्हणून बॉम्बे सॅपर्समध्ये भरती झाले. या दलाचं मुख्य ठाणं पुण्यात खडकीला आहे. सॅपर म्हणजे रस्ते-पूल बांधणारे आणि सुरुंग काढणारे सैनिक. दुसऱ्या महायुद्धात राणे ब्रह्मदेशात लढले. १५ डिसेंबर १९४७ रोजी ते अधिकारी झाले.

पुढं चारच महिन्यांनी कसोटीची वेळ आली. जम्मू-काश्मीरमधलं राजौरी शत्रूच्या ताब्यात होतं. तिथल्या लोकांचे फार हाल चालले होते. त्यांना सोडवायला आपले रणगाडे नौशेराहून निघाले. पण शत्रूनं वाटेत झाडं आडवी टाकली होती, मोरी उडवली होती, जमिनीत सुरुंग पुरले होते. सुरुंग म्हणजे दारू भरलेला डबा. वर वजन पडलं की फुटतो! रस्ता डोंगरातला, त्यामुळे बाजूनं जायची सोय नाही.

८ एप्रिल १९४८ रोजी राण्यांची तुकडी सुरुंग काढू लागली, तोच उखळी तोफांचा मारा सुरू झाला. दोन जवान ठार झाले, पाच जखमी झाले. जखमींत स्वतः राणेही होते. तरी संध्याकाळपर्यंत त्यांनी रणगाड्यांना वाट करून दिली. गोळीबारातून पुढं जाण्यासाठी ते चक्क रणगाड्याखाली शिरून सरपटत गेले. रणगाड्याला दोऱ्या बांधल्या होत्या. एक ओढली की चालकानं पुढं जायचं, दुसरी ओढली की थांबायचं. ११ तारखेला सकाळी सहाला सुरू केलेलं काम रात्री दहापर्यंत चाललं. त्यानंतर आपलं सैन्य राजौरीला पोचलं.

या कामगिरीबद्दल राण्यांना परमवीर चक्र मिळालं. या पदकाचा नमुना सावित्रीबाई खानोलकर यांनी तयार केला आहे. राणे १९६८ साली मेजर म्हणून निवृत्त झाले आणि ११ जुलै १९९४ रोजी वारले. २०२३ साली अंदमानातल्या एका बेटाला त्यांचं नाव देण्यात आलं.

माझे बाबा रस्त्यावर खडी टाकायच्या कामाला जातात. कुणी विचारलं तर मी नुसतं "कामाला जातात" म्हणायचो. लाज वाटायची. आषाढीला माउलींची पालखी आपल्या माळशिरसवरून जाते. रस्ता नीट असला तरच वारकरी सुखानं पंढरपूरला पोचतात. राण्यांची गोष्ट ऐकल्यावर मला कळलं, की दुसऱ्याची वाट मोकळी करणं हे मोठं काम आहे. आता कुणी विचारलं तर मी मोठ्यानं सांगतो, "माझे बाबा रस्ते करतात."

– इयत्ता सातवी