बॅबेजचं यंत्र कशामुळे अडलं?

एकोणिसाव्या शतकातल्या चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञाचं नाव निघालं की एक वाक्य ठरलेलं असतं: हा माणूस काळाच्या फार पुढे होता, त्याला हवी तितकी अचूक दातेरी चाकं तेव्हा बनतच नव्हती, म्हणून त्याचं गणनयंत्र अपुरं राहिलं. पाठ्यपुस्तकांत, भाषणांत, प्रश्नमंजूषेत, सगळीकडे हेच. हे चूक आहे, आणि चूक असल्याचा पुरावा १९९१ पासून लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये सगळ्यांसमोर उभा आहे.

आधी यंत्राचं काम समजून घेऊ. १, ४, ९, १६ या वर्गसंख्यांमधले फरक ३, ५, ७. त्या फरकांमधला फरक दर वेळी २. म्हणजे नुसत्या बेरजा करत गेलं की गुणाकाराशिवाय वर्गांचं कोष्टक तयार होतं. बॅबेजचं ‘डिफरन्स इंजिन’ एवढंच करणार होतं, पण न चुकता. हाताने केलेल्या कोष्टकांतल्या चुका नाविकांना भोवत, म्हणून ब्रिटिश सरकारने त्यावर सुमारे १७,५०० पौंड खर्च केले.

यंत्र घडवत होता जोसेफ क्लेमंट, त्या काळातला अव्वल यांत्रिक कारागीर. १८३२ मध्ये त्याने यंत्राचा साधारण सातवा हिस्सा जोडून दिला आणि तो व्यवस्थित चालला! मग अडलं कुठे? हजारो एकसारखे भाग घडवण्यात वर्षं आणि पैसा जात होता. कारखाना बॅबेजच्या घराजवळ हलवायचा तर भरपाई किती, यावरून १८३३ मध्ये दोघांचं बिनसलं. क्लेमंटने कामगार काढले, काम थांबलं. पुढच्याच वर्षी बॅबेजच्या मनाने ‘ॲनालिटिकल इंजिन’ हे नवं, दिलेल्या आज्ञाक्रमानुसार वेगवेगळी गणितं करू शकणारं यंत्र घेतलं. जुनं यंत्र पुरं होण्याआधीच तो नव्याबद्दल बोलू लागल्यावर सरकारचा विश्वास उडाला आणि १८४२ मध्ये मदत कायमची बंद झाली. यात कौशल्याचा तुटवडा कुठेच नाही. ‘तंत्रज्ञान कमी पडलं’ म्हणताना आपण क्लेमंटवर उघड अन्याय करतो.

शंका उरत असेल तर स्वीडनकडे पाहा. स्टॉकहोमच्या शॉइट्झ पितापुत्रांनी बॅबेजच्या कामाचं वर्णन वाचून, त्याच्यापेक्षा ओबडधोबड कारागिरीने, १८५३ मध्ये छपाईसकट पूर्ण यंत्र उभं केलं. ते पुढे अमेरिकेत ऑल्बनीच्या वेधशाळेने विकत घेतलं.

आणि सुरुवातीला सांगितलेला पुरावा तो हा: सायन्स म्युझियमच्या डोरन स्वेड यांनी तर बॅबेजच्याच १८४७–४९च्या आराखड्यांवरून ‘डिफरन्स इंजिन नंबर २’ बांधून घेतलं. भाग आधुनिक यंत्रांवर कापले हे खरं. पण क्लेमंटच्या मूळ भागांची मापं घेऊन, अचूकता त्याला साधली होती तेवढीच ठेवली. यंत्राने ३१ अंकी उत्तरं बरोबर दिली.

यंत्रांच्या इतिहासात असे आणखीही काही गैरसमज आहेत. पहिलं गणनयंत्र पास्कालचं नव्हे. विल्हेल्म शिकार्डने १६२३ मध्येच आपल्या यंत्राची माहिती केप्लरला पत्राने कळवली होती. एडा लव्हलेसला पहिली प्रोग्रामर म्हणतात, पण ॲनालिटिकल इंजिनावरच्या तिच्या १८४३च्या टिपांआधी बॅबेजने स्वतः त्या यंत्रासाठी आज्ञाक्रम लिहिले होते. एडाचं खरं मोठेपण म्हणजे हे यंत्र आकड्यांपलीकडे, संगीतासारख्या गोष्टींवरही काम करू शकेल हे तिने ओळखलं. तारायंत्रही एकट्या मोर्सचं नाही: १८४४ मध्ये त्याचा संदेश वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला गेला, त्याच्या पाच वर्षं आधी लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकातून कुक आणि व्हीटस्टन यांची तार चालू होती, आणि त्याच १८३९ साली कलकत्त्यात डॉ. ओशॉनेसी मैलोगणती तारा ताणून प्रयोग करत होते.