ऑफिसनंतरचं एमबीए : बोरीवलीकरांसाठी

मुंबई विद्यापीठाने १९६५ साली स्टॅनफर्डच्या सहकार्याने सुरू केलेली जमनालाल बजाज संस्था चर्चगेटला आहे. एमएमएम, एमएफएम हे नोकरदारांचे अर्धवेळ अभ्यासक्रम तीन वर्षांचे, वर्ग संध्याकाळी. ऑफिस फोर्टात असेल तर उत्तम. अंधेरीत असेल तर मात्र रोज उलटा प्रवास, तो आधी हिशोबात धरा.

परतताना विरार फास्टच्या मोहात पडू नका. चर्चगेटहून सुटणारी बोरीवली स्लो पकडा. तासाभराहून थोडा जास्त वेळ लागतो, पण खिडकी मिळते आणि मांडीवर एक केस वाचून होते. (चौथी सीट मिळाली तर फक्त उजळणी!) अकाउंट्सवाल्यांनी मार्चएन्डच्या आसपासची परीक्षेची रजा वेळापत्रक लागताच सांगून ठेवावी, आदल्या आठवड्यात कुठलाच साहेब देत नाही.