बाळंतिणीचे मन बिघडते, तेव्हा दोष तिचा नसतो

घरात बाळ जन्मले की विचारायचे प्रश्न ठरलेले असतात. मुलगा की मुलगी? नॉर्मल की सिझर? वजन किती भरले? आईला कसे वाटते आहे, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. ती रडत असेल तर "पहिलटकरीण आहे, होईल सवय" असे म्हणून विषय संपतो. बाळाला जवळ घेत नसेल तर "आई असून अशी कशी?" हा टोमणा तयार असतो. काही घरांत तर "बाहेरचे काहीतरी झाले" म्हणून तिला देवऋषीपुढे बसवले जाते. शिकलेल्या आणि चळवळीत वावरणाऱ्या घरांतही हे घडते. म्हणून गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर मेंदूत व मनात काय घडते, हे आपल्या तरुण-तरुणींनी आणि कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावे असे आम्हाला वाटते.

मेंदूत काय बदलते?

गरोदरपणात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरके कित्येक पटींनी वाढतात. त्यांचा परिणाम गर्भाशयापुरता राहत नाही, मेंदूवरही होतो. स्पेनमध्ये बार्सिलोना येथे एल्सेलिन हुकझेमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रथमच आई होणाऱ्या २५ स्त्रियांच्या मेंदूचे एमआरआय गर्भधारणेआधी आणि बाळंतपणानंतर काढून ताडून पाहिले. हा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. दुसऱ्याचे मन ओळखण्यासाठी मेंदूचे जे भाग कामी येतात, तेथील करडा भाग या स्त्रियांमध्ये आकाराने कमी झालेला दिसला. हा बदल इतका ठळक होता की, कोणती स्त्री गरोदर राहून गेली आहे हे संगणकाला त्यावरून ओळखता आले. दोन वर्षांनंतरही तो बराचसा टिकून होता.

'कमी झाला' हे शब्द ऐकून घाबरण्याचे कारण नाही. या स्त्रियांची स्मरणशक्ती चाचण्यांमध्ये घटलेली आढळली नाही. उलट ज्यांच्या मेंदूत बदल अधिक, त्यांची बाळाशी जवळीकही अधिक दिसली. किशोरवयातही मेंदूचा करडा भाग असाच कमी होतो. शेतकरी ज्वारीची विरळणी करतो, तेव्हा रोपे कमी होतात पण उरलेली जोमाने वाढतात. मेंदूतही असेच काहीतरी घडत असावे, असे संशोधकांना वाटते. २०२४ साली कॅलिफोर्नियातील शास्त्रज्ञ एलिझाबेथ क्रॅस्टिल यांच्या स्वतःच्या मेंदूच्या २६ स्कॅनवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. गर्भधारणेच्या आधीपासून बाळ दोन वर्षांचे होईपर्यंतचे हे स्कॅन होते. गरोदरपणाचे आठवडे वाढत गेले तसतसा मेंदूही जवळजवळ सगळीकडे बदलत गेला, हे त्यात दिसले.

म्हणजे बाई आई होते तेव्हा तिच्या मेंदूची फेरबांधणी चालू असते. नेमक्या त्याच काळात, प्रसूतीनंतर काही दिवसांतच, वाढलेली संप्रेरके एकदम खाली येतात. त्यात तुटक झोप, टाके, रक्तस्राव आणि दर दोन-तीन तासांनी अंगावर पाजणे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतातील ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळतो. इतका ताण आलेले मन डगमगले, तर त्यात नवल ते काय?

उदासी, नैराश्य आणि तातडीचा आजार

तीन गोष्टी वेगवेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत.

पहिली, बाळंतपणानंतरची उदासी. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून उगाच रडू येते, चिडचिड होते. निम्म्याहून अधिक बायांना हे होते आणि साधारण दोन आठवड्यांत आपोआप निवळते. तिला विश्रांती आणि धीर पुरतो.

दुसरी, नैराश्य. दोन आठवडे उलटूनही मन उदास राहते, कशातच रस वाटत नाही, बाळ झोपले तरी झोप येत नाही, "मी वाईट आई आहे" हा विचार पाठ सोडत नाही, कधी जगणे नकोसे वाटते. हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. भारतातील ३८ अभ्यास एकत्र करून २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत आलेल्या लेखानुसार हे प्रमाण सुमारे २२ टक्के आहे. म्हणजे जवळजवळ पाच बाळंतिणींमागे एक.

तिसरी, तीव्र मनोविकार. हजार बाळंतिणींमागे एखाद-दोघींना तो होतो. झोप जवळपास बंद होते, नसलेले आवाज ऐकू येतात, घरच्यांवर भलता संशय येतो, बोलणे विसंगत होते. यात आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका असतो. एक दिवसही न थांबता तिला रुग्णालयात न्यावे. नेमका हाच आजार 'भूतबाधा' समजला जातो. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

मेंदू सगळ्यांचा बदलतो, मग काहींनाच आजार का?

याचे एक उत्तर आपल्या शेजारच्या गोव्यातून मिळते. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी तेथील २७० स्त्रियांचा अभ्यास केला. तो २००२ साली प्रसिद्ध झाला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांना नैराश्य होते. त्यातील ७८ टक्के जणींना मानसिक त्रास गरोदरपणातच सुरू झाला होता. गरिबी, नवऱ्याशी बिघडलेले संबंध आणि मुलगी होणे, यांचा या आजाराशी संबंध आढळला.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. संप्रेरके सगळ्याच बायांची खाली येतात, पण आजार कुणाच्या वाट्याला येईल हे घरची चूल, नवऱ्याचा हात आणि सासरचे टोमणेही ठरवतात. मुलगी झाली म्हणून तोंड फिरवणारे घर त्या बाईला आजाराकडे ढकलत असते.

उपायही असाच माणसांतून येतो. पाकिस्तानातील रावळपिंडीजवळच्या खेड्यांत नैराश्य असलेल्या गरोदर स्त्रियांच्या घरी गावपातळीवरच्या आरोग्य सेविका जात. त्यांना बोलण्याचे, धीर देण्याचे आणि विचारांना वळण देण्याचे सोपे प्रशिक्षण दिले होते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, बाळ सहा महिन्यांचे झाले तेव्हा नेहमीच्या गृहभेटी मिळालेल्या मातांपैकी ५३ टक्के नैराश्यात होत्या, तर प्रशिक्षित सेविकेची सोबत मिळालेल्यांत हे प्रमाण २३ टक्के होते. मानसोपचारतज्ज्ञ नसलेल्या गावात हा फरक घडला. आपल्या आशाताई आणि महिला मंडळे हे करू शकणार नाहीत का?

बापाचा मेंदूही बदलतो

इस्रायलमधील २०१४ च्या एका अभ्यासात असे दिसले की, बाप बाळाच्या प्रत्यक्ष देखभालीत जितका जास्त वेळ देतो, तितके त्याच्या मेंदूतील काळजीचे आणि समजुतीचे भाग एकमेकांशी घट्ट जोडलेले असतात. म्हणजे बाळाचे रडणे ओळखणे हे बाईला जन्मजात आणि पुरुषाला अशक्य, असे नाही. दुपटी बदलून, रात्री जागूनच ते अंगात येते. साधारण दहापैकी एका बापालाही या काळात नैराश्य येते, हेही लक्षात ठेवावे.

बाळंतिणीची विश्रांती हा घरचा खासगी मामला नाही, हे बाबासाहेबांनी फार पूर्वी मांडले होते. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना त्यांनी सांगितले की, प्रसूतीपूर्वी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे. १९२९ साली मुंबई प्रांतात तो कायदा झाला. आज कायद्याने २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, पण घरकाम करणाऱ्या, ऊस तोडणाऱ्या, वीटभट्टीवर राबणाऱ्या आपल्या बहुतेक बायांच्या पदरात ती पडत नाही. हा प्रश्नही मानसिक आरोग्याचाच आहे.

आपण काय करू शकतो?

बाळंतिणीला दोन साधे प्रश्न विचारा. गेल्या दोन आठवड्यांत मन सतत उदास होते का? कशातच रस वाटेनासा झाला आहे का? एकाचे जरी उत्तर 'हो' आले, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा जिल्हा रुग्णालयात नेऊन पुढची तपासणी करून घ्या. जीव द्यावासा वाटतो का, हेही सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते.

रुग्णालयातील प्रसूतीनंतर ४२ दिवसांत आशाताई सहा वेळा घरी येतात. त्यांना बाळाच्या वजनाबरोबर आईच्या झोपेबद्दलही सांगा. रात्री सलग चार-पाच तास तिला झोपू द्या, तेवढा वेळ बाळ दुसऱ्या कुणी सांभाळावे. औषध लागले तर घाबरू नका. अंगावर पाजत असतानाही घेता येतील अशी औषधे डॉक्टर देऊ शकतात. 'टेलि-मानस'चा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, रात्रंदिवस चालू असतो आणि त्यावर मराठीत बोलता येते. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार, रुग्णालयात उपचार घेणाऱ्या आईपासून तिचे तीन वर्षांखालील मूल सर्वसाधारणपणे तोडता येत नाही. हा हक्क घरच्यांना माहीत असला, तर उपचाराची भीती कमी होते.

विहारात महिन्यातून एकदा गरोदर स्त्रिया, त्यांचे नवरे आणि सासवा यांना एकत्र बसवून या विषयावर बोलता येईल. त्यासाठी निधी लागत नाही, एक सतरंजी आणि ऐकून घेणारी चार माणसे पुरतात. आणि पुढच्या नामकरण विधीला जाल, तेव्हा बाळाचे कौतुक करून झाल्यावर थोडा वेळ आईजवळ बसा. "झोप होते का गं?" एवढेच विचारा, आणि तिचे उत्तर पूर्ण ऐका.