परदेशज्ञानाचें एक साधन : खासगी पत्रें

परदेशांची माहिती मिळविण्याचें उत्तम साधन कोणतें, असें विचारल्यास बहुतेक लोक भूगोलाचे ग्रंथ, वर्तमानपत्रें किंवा प्रवासवृत्तें यांकडे बोट दाखवितात. आमच्या मतें तो मान घरच्या माणसांस लिहिलेल्या पत्रांचा आहे.

आमच्या तळोज्याच्या उत्तरेस असलेल्या कल्याणचेंच उदाहरण घ्यावें. तेथील आनंदीबाई जोशी १८८३ सालीं वैद्यक शिकण्यास अमेरिकेस गेल्या. तिकडची थंडी, आहार, वस्त्रें यांविषयीं त्यांनीं पति गोपाळराव यांस पत्रें लिहिलीं. पुढें काशीबाई कानिटकरांनीं लिहिलेल्या आनंदीबाईंच्या चरित्रास याच पत्रांचा आधार मिळाला. पत्र लिहिणारा वाचणाऱ्यास ठाऊक असलेल्या वस्तूशीं नवी वस्तु ताडून सांगतो, हा त्याचा विशेष गुण होय.

मात्र पत्रांत एकाच व्यक्तीची दृष्टि असते. म्हणून तें दुसऱ्या लेखाशीं पडताळावें. पंडिता रमाबाई १८८६ त आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभास अमेरिकेस गेल्या. त्यांचें त्या देशावरील १८८९ चें पुस्तक या कामीं उपयोगीं पडतें.

एका जुन्या विद्यार्थ्याचीं परदेशाहून आलेलीं पत्रें आम्हीं जपलीं, पण पाकिटें टाकून दिलीं. कित्येक पत्रांवर तारीख नाहीं. टपालाचे शिक्केही गेल्यामुळें त्यांचा क्रम आतां लागत नाहीं. संग्राहकांनीं हा प्रमाद करूं नये. हल्लीं परदेशींचें वर्तमान दूरध्वनीवर येतें व तेथेंच विरतें. यास्तव पोथ्यांच्या शोधार्थ ज्या घरीं जावें, तेथें अशीं पत्रेंही पाकिटांसह मागावीं.