स्वारगेटला गेलेला पैसा शोधताना

पुण्यातल्या स्वारगेटच्या जेधे चौकात किती सरकारं एकत्र नांदतात, हे मोजायला बसलं तर बराच वेळ लागतो. वर उड्डाणपूल, खाली जमिनीत मेट्रो, एका बाजूला एसटीचं स्थानक, जवळच शहर बससेवा चालवणाऱ्या पीएमपीएमएलचं मुख्यालय आणि थोड्या अंतरावर जलसंपदा विभागाचा मुठा उजवा कालवा. मेट्रो बांधली महामेट्रोने, आणि तिच्यात केंद्र व राज्य दोघांचा पैसा आहे. एसटी राज्याच्या महामंडळाची. पीएमपीएमएल ही कंपनी, तिची संचलनातली तूट पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिका 60:40 या प्रमाणात भरून काढतात. रस्ता, पदपथ आणि पावसाळी गटारं पुणे महापालिकेची.

शंकरशेठ रस्त्यावरचा एखादा दुकानदार मिळकतकर भरतो, जीएसटी भरतो, स्कूटरमध्ये पेट्रोल टाकतानाही कर भरतो. त्यातला काही पैसा फिरून त्याच्याच दारापुढच्या चौकात येतो. मग गेल्या वीस वर्षांत या एका चौकावर एकूण किती खर्च झाला? प्रश्न साधा आहे, पण त्याचं उत्तर एका जागी मिळत नाही.

आकडे लपवलेले आहेत, असं म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. महापालिकेचं अंदाजपत्रक संकेतस्थळावर असतं. 2025-26 साठी आयुक्तांनी मांडलेलं अंदाजपत्रक 12,618 कोटी रुपयांचं होतं. निविदा ‘महाटेंडर्स’वर दिसतात. राज्याचा प्रत्येक शासन निर्णय संकेतांकासह ऑनलाइन चढतो. वित्त विभागाची ‘बीम्स’ ही प्रणाली कोणत्या खात्याला किती निधी दिला आणि किती खर्च झाला ते दाखवते. तिथे तरतूद शिल्लक नसेल तर कोषागारात बिल पुढे सरकत नाही. महालेखापरीक्षकांचे, म्हणजे कॅगचे, अहवालही कुणालाही वाचता येतात. माहितीचा तुटवडा नाही. तुटवडा आहे तो या सगळ्यांना जोडणाऱ्या धाग्याचा.

महापालिकेचं एखादं काम कसं जन्माला येतं ते पाहिलं की हे कळतं. आधी अंदाजपत्रकात तरतूद. मग अभियंत्याचं पूर्वगणनपत्रक, त्यावर निविदा, स्थायी समितीची मंजुरी, कार्यादेश, मोजमाप पुस्तकातली नोंद आणि शेवटी ठेकेदाराचं बिल. टप्प्यागणिक कागद वेगळा, वही वेगळी, अनेकदा कामाचं नावही थोडं वेगळं. अंदाजपत्रकात ‘विविध रस्ते सुधारणा’, निविदेत ‘डांबरीकरण व अनुषंगिक कामे’. मधल्या काळात वर्गीकरण होतं, म्हणजे एका कामाची तरतूद दुसऱ्या कामाकडे वळते. नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांच्या ‘स’ यादीवरून पुण्यात दरवर्षी रंगणारे वाद ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना वर्गीकरणाची जादू नव्याने सांगायला नको. मार्चमध्ये वाजतगाजत छापला जाणारा आकडा हा संकल्पाचा असतो. खरा खर्च पुढे जमाखर्चात उतरतो, पण तोवर वर्तमानपत्रांचं लक्ष पुढच्या अंदाजपत्रकाकडे गेलेलं असतं.

स्वारगेटहून कात्रजकडे जाणारा सातारा रस्ता याचं ठळक उदाहरण आहे. देशातला बीआरटीचा, म्हणजे बससाठी राखीव मार्गिकांचा, सुरुवातीचा प्रयोग डिसेंबर 2006 मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर या मार्गावर झाला. पैसा जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियानातून आला: केंद्राचे 50 टक्के, राज्याचे 20 आणि महापालिकेचे 30. पुढे याच रस्त्याची फेररचना झाली, मार्गिका उखडल्या, पुन्हा बांधल्या. त्या-त्या वेळचा खर्च त्या-त्या वर्षाच्या कागदांत आहे. पण सातारा रस्त्याचा सलग हिशेब हवा असणाऱ्याला अभियानाची कागदपत्रं, महापालिकेची वीस अंदाजपत्रकं आणि निविदांचा ढीग स्वतःच उपसावा लागतो. त्यातले जुने कागद बहुधा स्कॅन करून चढवलेले, किंवा युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये टाइप केलेले. ‘स्वारगेट’ असा शब्द टाकून शोधलं तर संगणक सरळ हात वर करतो.

सरकारी जमाखर्च वाचण्याची हौस पुण्याला जुनी आहे. 1870 मध्ये स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेने ती लावली. सोलापूरला मुख्याध्यापक राहिलेले गणेश व्यंकटेश जोशी आकड्यांत इतके मुरलेले होते की गोपाळ कृष्ण गोखले अर्थसंकल्पावरच्या भाषणांसाठी त्यांची मदत घेत. 1902 मध्ये कलकत्त्याच्या कायदेमंडळात गोखल्यांनी दाखवून दिलं की सरकारी तिजोरीतली शिल्लक ही भरभराटीची खूण नाही, लोकांकडून गरजेपेक्षा जास्त कर वसूल होतो आहे. पुढच्याच वर्षी मिठावरचा कर कमी झाला. गोखल्यांच्या हाती सरकारने छापलेलेच आकडे होते. फक्त ते आकडे एकमेकांशेजारी मांडता येतील असे होते, आणि मांडणारी माणसं होती.

माहिती अधिकाराने हे काम सामान्य माणसाच्या आवाक्यात आणलं. केंद्राचा कायदा 2005 चा; त्याआधीच महाराष्ट्राने आपला कायदा केला होता. दहा रुपयांचा अर्ज आणि तीस दिवसांची मुदत सगळ्यांना ठाऊक आहे. कलम 4 कमी जणांना ठाऊक असतं. कुणी मागण्याची वाट न पाहता अंदाजपत्रक, खर्च, कंत्राटं यांची माहिती स्वतःहून जाहीर करावी, असं ते सांगतं. महेश झगडे आयुक्त असताना पुणे महापालिकेने त्यातून एक पाऊल पुढे टाकलं आणि सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत नागरिकांना अर्जाशिवाय फायली पाहायला मोकळीक दिली. 26 नोव्हेंबर 2018 च्या शासन निर्णयाने हीच पद्धत राज्यातल्या जिल्हाधिकारी कार्यालयांना आणि स्थानिक स्वराज्य संस्थांना लागू केली. सोय उत्तम, फक्त सोमवारी दुपारी कामावरून सुटी मिळणारे पुणेकर बहुतेक निवृत्त असतात.

बाहेरच्या देशांनी हा धागा कसा जोडला? अमेरिकेत 2006 मध्ये डेमोक्रॅट बराक ओबामा आणि रिपब्लिकन टॉम कोबर्न या दोन सिनेटरांच्या पुढाकाराने कायदा झाला, आणि संघराज्य सरकारचा पैसा कोणाला मिळाला हे एकाच संकेतस्थळावर शोधता येऊ लागलं. ब्रिटनमध्ये 2010 पासून केंद्रीय खाती 25,000 पौंडांवरचा आणि नगरपरिषदा 500 पौंडांवरचा खर्च जाहीर करतात. दोन्हीकडे नोंदीचा पाया दिलेली रक्कम हा आहे. केव्हा, कोणाला, किती आणि कशासाठी, हे त्यातून समजतं.

आपल्याकडे गंमत अशी की या बाबतीत खेडं शहराच्या पुढे आहे. 24 एप्रिल 2020 ला सुरू झालेल्या ‘ई-ग्रामस्वराज’वर भोर तालुक्यातला शेतकरी आपल्या ग्रामपंचायतीने वित्त आयोगाचा निधी कशावर खर्च केला ते मोबाइलवर पाहू शकतो. स्वारगेटच्या दुकानदाराला त्याच्या गल्लीतल्या पदपथाबद्दल तेवढं सहज कळत नाही. महापालिकेने अलीकडे कामाची आखणी ते बिल हा प्रवास नकाशावर जागा दाखवून एकाच संगणक प्रणालीत नोंदवायला घेतला आहे. एकाच रस्त्यावर दोनदा खर्च टळावा, हा त्यामागचा एक हेतू. त्या नकाशाची खिडकी अधिकाऱ्यांपुरती न ठेवता नागरिकांसाठीही उघडली तर चौकाचा हिशेब चौकाच्या नावाने मागता येईल. मात्र 2023 च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराचं कलम 8(1)(जे) बदलल्यामुळे, ठेकेदारांची आणि अधिकाऱ्यांची नावंही खासगी म्हणून झाकली जातील अशी भीती कार्यकर्ते व्यक्त करतात. ती अनाठायी वाटत नाही.

तोवर स्वारगेटखाली पुढचं काम उभं राहतं आहे. स्वारगेट-कात्रज या 5.46 किलोमीटरच्या भुयारी मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट 2024 मध्ये मंजुरी दिली, तेव्हा खर्च 2,954.53 कोटी रुपये होता आणि स्थानकं तीन: मार्केट यार्ड, पद्मावती, कात्रज. नंतर राज्याने बालाजीनगर आणि बिबवेवाडी ही दोन स्थानकं वाढवायला मान्यता दिली, त्याबरोबर खर्चही वाढला. मूळ आकडा केंद्राच्या प्रसिद्धिपत्रकात, वाढीव आकडा राज्याच्या निर्णयात आणि प्रत्यक्ष कंत्राटं महामेट्रोच्या निविदांत सापडतील.