नॉनस्टिक तवा सुरक्षित आहे का? घेताना आणि वापरताना काय पाहावे

हृदयविकार असलेल्या किंवा कोलेस्टेरॉल वाढलेल्या रुग्णाला आम्ही डॉक्टर 'तेल कमी करा' असे सांगतो. मग घरात नॉनस्टिक तवा येतो. थोड्याच दिवसांत कोणीतरी व्हॉट्सअॅपवर पाठवते की या तव्याने कर्करोग होतो. पुढच्या तपासणीला प्रश्न ठरलेला असतो : "डॉक्टर, तवा टाकून देऊ का?" बहुतेकांना तो टाकून द्यायची गरज नसते. मात्र त्यावर काय करायचे आणि काय नाही, हे बदलावे लागते.

तव्यावरचा लेप कशाचा असतो?

नेहमीच्या नॉनस्टिक भांड्यांवर पीटीएफई नावाच्या पदार्थाचा थर असतो. रॉय प्लंकेट या रसायनशास्त्रज्ञाला तो १९३८ मध्ये योगायोगाने सापडला. 'टेफ्लॉन' हे त्याचेच व्यापारी नाव. हा पदार्थ सहसा कशाशीही रासायनिक क्रिया करत नाही, म्हणूनच अन्न त्याला चिकटत नाही. आपल्या शरीरालाही तो पचवता येत नाही. डोशाबरोबर लेपाचा एखादा काळा कण पोटात गेला तर तो तसाच शौचावाटे बाहेर पडतो. मुलाने गिळला तरी उलटी करवण्याची गरज नाही.

कर्करोगाची भीती निघाली ती दुसऱ्याच एका रसायनातून. त्याचे नाव पीएफओए. पूर्वी हा लेप तयार करताना ते वापरत असत. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातील पार्कर्सबर्गजवळच्या ड्यूपॉन्ट कारखान्यातून ते नदीत आणि पिण्याच्या पाण्यात गेले. तिथल्या सुमारे ६९,००० लोकांची पाहणी झाली. त्यातून मूत्रपिंडाचा आणि वृषणाचा कर्करोग, थायरॉइडचे विकार, वाढलेले कोलेस्टेरॉल आणि गरोदरपणातील रक्तदाब यांच्याशी पीएफओएचा संबंध असण्याची शक्यता पुढे आली. हे लोक ते रसायन वर्षानुवर्षे पाण्यातून पीत होते. तयार तव्यात मात्र ते जेमतेम उरते, कारण लेप भट्टीत भाजला जातो तेव्हा त्यातले बहुतेक उडून जाते.

२०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने पीएफओएला पहिल्या गटात टाकले. पहिला गट म्हणजे 'यामुळे माणसाला कर्करोग होऊ शकतो याचा पुरावा भक्कम आहे'. किती प्रमाणात किती धोका, हे त्या गटावरून कळत नाही. अमेरिकेतील आठ मोठ्या कंपन्यांनी २०१५ पर्यंत पीएफओए बंद करण्याचे मान्य केले होते आणि २०१९ मध्ये ते स्टॉकहोम कराराच्या यादीत गेले. त्यामुळे आज तव्यावर दिसणाऱ्या 'पीएफओए फ्री' या चिकटपट्टीने फार हुरळून जाऊ नका. त्या तव्यावर पीटीएफई नाही, असा तिचा अर्थ होत नाही.

'ग्रॅनाइट' आणि 'मार्बल' या नावांचेही तसेच. बहुतेक वेळा तो ठिपक्यांचा रंग असलेला पीटीएफईचाच लेप असतो, दगड नव्हे. पीटीएफई नकोच असेल तर 'सिरॅमिक कोटिंग' लिहिलेले आणि 'पीटीएफई फ्री' असे स्पष्ट छापलेले भांडे घ्या. हा लेप सिलिकाचा असतो. जास्त उष्णता सोसतो, पण त्याचा गुळगुळीतपणा लवकर जातो आणि तवा वरचेवर बदलावा लागतो.

खरी काळजी आचेची

पीटीएफई साधारण २६० अंश सेल्सिअसच्या पुढे खराब होऊ लागते. ३५० अंशांच्या आसपास त्यातून निघणारा धूर फुफ्फुसांना त्रासदायक असतो. भाजी किंवा घावन शिजत असताना तवा इतका तापत नाही, कारण अन्नातले पाणी उष्णता खाते. पण रिकामा तवा मोठ्या आचेवर काही मिनिटांतच २६० अंश ओलांडू शकतो. आयसीएमआरच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शनात तर १७० अंशांपुढे तापवू नका असे सांगितले आहे. ही सावधगिरीची मर्यादा आहे आणि घरात ती पाळणेच सोयीचे.

आता आपल्या स्वयंपाकघराकडे पाहू. भाकरीला तवा आधी रिकामा, चांगला कडक तापवावा लागतो. फुलक्यांचेही तेच, आणि दोन फुलक्यांच्या मधे तवा आचेवर कोरडाच असतो. म्हणून भाकरी-पोळीला नॉनस्टिक वापरू नका, लोखंडी तवाच बरा. मोठ्या आचेवर शेंगदाणे किंवा खोबरे भाजणे, मसाला परतणे, कडकडीत फोडणी हीसुद्धा लोखंडी किंवा स्टीलच्या कढईची कामे. नॉनस्टिक ठेवा घावन, आंबोळी, धिरडी, ऑम्लेट आणि मासे यांच्यासाठी, जिथे चिकटण्याचा खरा त्रास असतो आणि मध्यम आच पुरते. (माशाचा तुकडा अख्खा उलटला जाणे हे सुख मी नाकारणार नाही.)

तवा रिकामा तापवू नका. चमचाभर तेल आधीच घाला. तेलातून धूर येऊ लागला तर तवा गरजेपेक्षा जास्त तापला आहे, आच बारीक करा.

चुकून रिकामा तवा गॅसवर राहिला आणि उग्र वास आला तर गॅस बंद करा, खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा. घरात पोपट किंवा लव्हबर्ड असतील तर त्यांना आधी हलवा. या धुराने पक्षी काही मिनिटांत मरतात. माणसांना काही तासांनी थंडी-ताप, अंगदुखी, कोरडा खोकला, छातीत आवळल्यासारखे होऊ शकते. हे फ्लूसारखे वाटते आणि बहुधा एक-दोन दिवसांत बरे होते. दमा किंवा सीओपीडी असेल, किंवा धाप लागत असेल, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जा आणि तव्याची गोष्ट आवर्जून सांगा. रुग्ण स्वतःहून ती सांगत नाहीत आणि आम्हीही नेहमी विचारत नाही.

घेताना आणि टाकताना

हातात घेऊन वजन पाहा. पातळ पत्र्याचा तवा एका जागी भसकन तापतो, जाड बुडाचा एकसारखा. उत्पादकाचे नाव नसलेला तवा स्वस्त मिळाला तरी नको. लाकडी किंवा सिलिकॉनचा कालथा वापरा, तारेची घासणी लांब ठेवा, आणि गरम तवा थेट नळाखाली धरू नका, त्याने तो वाकतो. एखाद-दुसरा ओरखडा चालतो. लेप सोलून खालचे अॅल्युमिनियम दिसू लागले की तवा काढून टाका.

लोखंडाबद्दल एक सूचना

लोखंडी किंवा बिडाच्या भांड्यातून थोडे लोह अन्नात उतरते, आंबट पदार्थांत जास्त. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. त्यामुळे लोखंडी तवा बहुतेक घरांत फायद्याचाच, पण तो लोहाच्या गोळ्यांची जागा घेत नाही. बिडाचा तवा चार-पाच वेळा तेल लावून तापवला की त्यावरही घावन सुटून येते. थॅलेसेमिया असलेल्या आणि वारंवार रक्त चढवाव्या लागणाऱ्या रुग्णांच्या शरीरात मात्र लोह आधीच साठलेले असते. त्यांचे, आणि हिमोक्रोमॅटोसिस असलेल्यांचे जेवण स्टीलच्या भांड्यात करा.